पाचवी बादली

सफ्रू,
१४ नोव्हेंबर १९९१

प्रिय बतूलताई,

सलाम. इकडे सगळे बरे आहेत. बाचा खोकला उतरलाय, बागेतली चेरीची झाडं बोडकी झालीत, माझे गुडघे कुरकुरतात पण चालतात. तिकडे तेतुआनला समुद्राचा वारा बोचायला लागला असेल, तेव्हा भरतकामाला उजेडात आणि उबेत बसत जा.

एकवीस वर्षांत ईदचे चार शब्द सोडून मी तुला काही लिहिलं नाही, त्यामुळे एवढं जाड पाकीट बघून दचकू नकोस. कुणी मेलेलं नाही. मी भांडून आलेय, आणि खरं सांगू का, मला भारी वाटतंय.

मी अजून त्याच हमामात बायकांच्या पाठी घासते. म्हणजे गेल्या गुरुवारपर्यंत घासत होते. त्या दिवशी शामाचं नवरीचं न्हाण होतं. शामा म्हणजे शिवणकाम करणाऱ्या रहमाची धाकटी. पोरगी सकाळपासून उपाशी. आपल्याकडची रीत तुला सांगायला नको: नवरीला सगळ्यात गरम खोलीत उभं करायचं, सात सवाष्णींनी एकेक बादली ओतायची, प्रत्येकीचं गाणं वेगळं, आणि सातवी होईपर्यंत नवरीनं खाली बसायचं नाही. पाचव्या बादलीला शामा पांढरीफटक पडली आणि कोसळली. मी धरली म्हणून डोकं फुटलं नाही.

गाणं थांबलं. नवऱ्या मुलाची आई, लाल्ला हनिया, हातातली बादली खाली ठेवून म्हणाली, "कुमारिका अशी पडत नाही. दोन जिवांची पडते." झालं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, रहमा भिंतीला टेकून रडायला लागली. हनियाचं सांगणं सरळ होतं, की लग्न मोडलं आणि कारण ती गावाला सांगणार.

दारावर बसून हमाम सांभाळणारी हाज्जा मनाना मला कोपऱ्यात ओढून कुजबुजली, की तुझं काम पाठ घासायचं, तोंड चालवायचं नाही. तिचा हात मी झटकला. पुढे जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, की पोरीला काहीही झालेलं नाही, उगाच जिभेला हाड नाही म्हणून काहीही बोलू नका.

बा बागेत दारं धरायचे ते आठवतं ना? पाटाला पाणी तेवढंच. एका वाफ्याचं दार उघडलं की दुसऱ्याचं कमी करावं लागतं. अंगात रक्ताचंही तसंच चालतं गं. गरम खोलीत अंग स्वतःला थंड करायला कातडीकडची सगळी दारं उघडतं, म्हणून तर बायका लालबुंद होतात. जेवून आलेलीचं पोटाकडे वळतं, म्हणून भरल्या पोटी मी कुणाला आत घेत नाही. आणि तशा उष्णतेत ताटकळत उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, डोक्याला पुरत नाही. मग डोळ्यांपुढे अंधारी. आडवं करा, पाय उंच ठेवा, पायांवर गार पाणी ओता, दारं आपोआप मिटतात आणि माणूस उठून बसतं. दवाखान्यातल्या नर्सबाईही हेच सांगतात, पण मला त्यांच्या आधीपासून माहीत आहे.

हनिया हसली. म्हणाली, ती पन्नास वर्षं याच खोलीत न्हातेय आणि कधी पडली नाही. मी म्हटलं, न्हाता तुम्ही बसून. आज उभ्या राहा. त्याच जागी, त्याच सात बादल्या, तशीच सावकाश गाणी. नाही पडलात तर माझं तोंड कायमचं बंद.

हट्टी बाई! राहिली उभी. तिसऱ्या बादलीपर्यंत गाण्यात सूर मिसळत होती. चौथीला गप्प झाली. पाचवीला तिचा चेहरा मळलेल्या कणकेसारखा झाला आणि गुडघे वळले. मी मागेच उभी होते, अलगद खाली निजवली, पाय पालथ्या बादलीवर ठेवले, पायांवर गार पाणी ओतलं. तिनं डोळे उघडल्यावर विचारलं, "लाल्ला हनिया, मुबारक! सातव्या दिवशी बाळाचं नाव ठेवायला मला बोलवाल ना?"

साठीची बाई! आख्खा हमाम हसला. हनिया पडल्यापडल्याच हळूच म्हणाली, "पुरे कर, यामना. त्या पोरीला काहीतरी खायला द्या." शनिवारी लग्न झालं.

मनानानं मला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. गेलं उडत. वेशीजवळच्या हमामात मी सोमवारपासून बसते, आणि माझ्या निम्म्या बायका मागोमाग आल्यात.

आता जे लिहायला बसले होते ते लिहिते. इतका वेळ टाळत होते.

बादल्यांखाली उभी राहण्याआधी हनियानं मला विचारलं होतं, तुला एवढी खात्री कशी? मी मोठ्यानं सांगितलं, "माझी बहीण बतूल इथंच, अशीच पडली होती. ती निष्पाप होती. मला ते तेव्हाच माहीत होतं, आणि मी गप्प बसले."

हो ताई, माहीत होतं. तुझ्या न्हाणाला मी सतरा वर्षांची, नवी नवी कामाला लागलेली. तुझ्या पायांवर मधूनमधून गार पाणी ओतायचं काम मला दिलं होतं. मी गाण्यात रमले आणि विसरले. तू पडलीस, तुझ्या होणाऱ्या सासूनं तेच विष ओकलं, आणि माझ्याकडे वळून विचारलं, हिला सकाळी उलट्या होतात का गं? नाही, एवढाच एक शब्द म्हणायचा होता. चूक माझी निघेल, काम जाईल, म्हणून मी जमिनीकडे बघत राहिले. तिनं त्यालाच हो समजलं आणि लग्न मोडलं. बानं तुला तेतुआनला मावशीकडे धाडलं. नऊ महिने उलटले, मूल झालं नाही, तरी कुणी तुझी माफी मागायला आलं नाही. मीसुद्धा नाही.

आता गावाला कळलंय. बालाही मीच सांगितलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी तुझा पत्ता मागितला.

माफ कर असं मी लिहीत नाही, ते तुझं तू बघ. येत्या रविवारच्या बसनं मी येतेय. येऊ नकोस म्हणालीस तरी येणार. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन. शिव्या द्यायच्या असतील तर पत्रातून देऊ नकोस, माझ्या तोंडावर दे, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ दे. या वेळी मी मान खाली घालणार नाही.

तुझी,
एकवीस वर्षं उशिरा बोललेली,
यामना