कुठलंही पान उघडा, बाबाच

तीर्थरूप काका,

नमस्कार. गुडघा कसा आहे? गोळ्या जेवणानंतरच घेताय ना? (जेवताय असं धरूनच विचारते आहे.) आई ठीक आहे. तुम्हीही ठीकच असणार, पण तुमच्या ऑफिसातले जुने हेडक्लार्क परवा फोनवर रडत होते, म्हणून खात्री करून घेते.

घडलं ते असं. आपल्या घरच्या ब्लॉगवर बाबांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं पान आहे ना, त्याच्याखाली लोक अजून प्रश्न विचारतात. बाबा एकही प्रश्न उत्तराशिवाय ठेवत नसत. आता एका गृहस्थांनी लिहिलं आहे, "साहेब, रागावलात का?" ते वाचल्यापासून मला अन्न गोड लागेना. म्हणून एक सूचना तयार केली: 'या पानाचे लेखक आता आपल्यात नाहीत. प्रश्नांना उत्तर मिळणार नाही, क्षमस्व.' ('क्षमस्व' आधी की शेवटी, यात एक दुपार गेली.)

ती फक्त बाबांच्या पानावर दिसायला हवी होती. ब्लॉगची सगळी पानं एकाच साच्यातून निघतात आणि प्रत्येक पानाला आतून एक क्रमांक असतो. साच्याला सांगायचं, उघडलेल्या पानाचा क्रमांक बघ, बाबांचा असला तरच सूचना दाखव. हे मी नीट लिहिलं, तीनदा तपासलं (तुम्ही नि बाबांनी मला घरी शिकवलंत ते तसंच), पण लिहिलं तळाशी, 'घरातली सगळी पानं' या यादीच्या खाली. ती यादी मांडताना साचा एकेका पानाचा क्रमांक हातात घेत जातो आणि शेवटचा तसाच धरून बसतो. यादीत शेवटी बाबा. (जेवायलाही ते शेवटीच बसायचे.) त्यामुळे कुठलंही पान उघडलं तरी साच्याच्या लेखी ते बाबांचंच.

झालं. सगळ्या पानांखाली तीच सूचना: तुमच्या बुद्धिबळाच्या पानाखाली तुम्ही गेलात, आईच्या विणकामाच्या पानाखाली आई गेली. तिने चष्मा लावून शांतपणे वाचलं आणि म्हणाली, "आधी सांगितलं असतंस तर स्वेटर पुरा केला असता." शेजारच्या काकू सांत्वनाला आल्या, दार आईनेच उघडलं, त्या तिच्याच हातचा चहा पिऊन गेल्या. हेडक्लार्कना मी म्हटलं, काका बरे आहेत, तर म्हणाले, "हो गं पोरी, आता त्यांना कसला त्रास."

चूक सापडल्यावरही मी लगेच दुरुस्त केली नाही. एकेक पान उघडत बसले. कुठूनही विचारलं तरी उत्तर बाबाच. मग सूचना काढून टाकली.

तुमची,
घरीच शिकलेली पुतणी

ता. क. उपाय सापडला. यादी सुरू होण्याआधीच क्रमांक विचारून बाजूला ठेवायचा. तेव्हा तुम्ही मुद्दाम यायची गरज नाही.

आणखी एक ता. क. गरज आहे. सूचना आता बरोबर बाबांच्याच पानावर येईल, पण मी ती अजून लावलेली नाही. 'प्रसिद्ध करा' या बटणापर्यंत बोट नेते आणि परत आणते. ते तुम्ही दाबाल का? आईने तुमची खोली झाडून ठेवली आहे. 'रागावलात का' विचारणाऱ्या गृहस्थांच्या मशीनचा दोरा दर टाक्याला तुटतो आहे, आणि बाबांच्या शेजारी बसून मशिनं तुम्हीही खोललेली आहेत. आई म्हणते, "भाऊजींना लिही, आधी त्या माणसाचा दोरा बघा. बटण कुठे पळून जात नाही."