आई, मी शांतक्कांना हाक मारली

प्रिय आई,

परवा सकाळी तुझा जावई, आनंद, बाथरूममध्ये पडला. तेव्हापासून मन एका जागी बसत नाही. गॅसवर चहा ठेवते नि विसरते. हे ज्याच्या-त्याच्यापाशी बोलण्यासारखं नाही, म्हणून तुला लिहितेय.

तुला माहीत नाही, तू प्रभूकडे गेल्यावर काही महिन्यांतच आनंदला अपघात झाला. कोरमंगलाहून, ऑफिसातून घरी येताना स्कूटर घसरली आणि कण्याला मार बसला. कमरेखाली काहीच हलत नाही. तसा तो हसतो, लॅपटॉपवर काम करतो. पण पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये, हे सगळं दुसऱ्याने करायचं. मदतीला एक माणूस येत होता, त्याला मी बंद केलं. त्याने आनंदला धरलेलं मला पटायचं नाही.

तू नगरहून इथे मल्लेश्वरमला आलीस ते आठवतं? कन्नडचा एक शब्द येत नव्हता तुला. तरी थोड्याच दिवसांत जिन्यात उभी राहून खालच्या शांतक्कांना हाका मारायला लागलीस. बरणीचं झाकण उघडेना, सुईत दोरा जाईना, की "अक्का, स्वल्प या!" म्हणजे जरा या. मला कानकोंडं व्हायचं. मी म्हणायचे, "आई, मी आहे ना घरात?"

"तू आहेस गं. त्यांनाही येऊ दे की."

आणि तुझी प्रार्थना. "प्रभू, मला हे जमत नाही. तू सांभाळ." एवढीच. मला वाटायचं, ही कसली प्रार्थना? मी तर देवबापाला कामं नेमून द्यायचे. आधी आनंदच्या बोटांत जीव येऊ दे, मग गुडघ्यांत. आणि आमेन म्हणून उठले, की त्याची वाट न बघता सगळं स्वतःच ओढायला लागायचे. झोप उडाली, पाठ धरली, तरी थांबले नाही. कशाची भीती होती मला?

परवा खुर्चीचं चाक सरकलं आणि आनंद ओल्या फरशीवर घसरला. लागलं नाही फारसं. मी काखेत हात घालून ओढलं, चादर घालून ओढलं. पाठीत अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी.

"शीला, कुणाला तरी बोलाव," तो म्हणाला.

"थांब, जमेल मला."

"नाही जमत. बोलाव."

"असा? अंगावर कपडे नाहीत तुझ्या."

तो हळूच म्हणाला, "लाज वाटायची तर मला वाटायला हवी ना? मला नाही वाटत. तुला का वाटते?"

मी त्याच्याशेजारी त्या पाण्यातच बसले. प्रार्थना करायला गेले तर देवाला सांगायला काही उरलंच नव्हतं. "मला जमत नाही" एवढंच तोंडून निघालं. मग उठले, दार उघडलं आणि जिन्यातून शांतक्कांना हाक मारली.

"बंदे, बंदे," आलेच म्हणत त्या धावत आल्या, मागून त्यांचे यजमान आणि जावई. अक्कांनी स्वतःच्या मुलाला झाकावं तसा आनंदच्या अंगावर टॉवेल टाकला. तिघांनी मिळून त्याला उचललं. इतकं सोपं होतं ते! जाताना अक्का त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "तुझी आई मला रोज हाक मारायची. तू इतके दिवस का नाही मारली?"

ते गेल्यावर मी खुर्चीशेजारी बसून राहिले. आत एकदम शांत वाटलं. काही मागायचं नव्हतं, काही धरून ठेवायचं नव्हतं. प्रभू जवळ आहे असं वाटलं, अपघातानंतर पहिल्यांदाच.

पण आई, दुपारपर्यंत ते गेलं गं. पुन्हा तीच धडधड, उद्याचं काय, परवाचं काय. हे रोज नव्याने प्रभूवर सोडायचं असतं का? तुलाही रोज सोडावं लागायचं का? मग सांगितलं का नाहीस कधी? मला वाटायचं, तुझा स्वभावच शांत.

आपल्या मराठी मंडळीची उपासना माडीवर भरते. जिना चढवायला आनंदला उचलून न्यावं लागेल, म्हणून अपघातापासून आम्ही गेलोच नाही. पाळक दर आठवड्याला फोन करायचे, "आम्ही नेतो ना उचलून," आणि मी म्हणायचे, "त्याला बरं वाटलं की येऊ." आनंदला कधी विचारलंही नाही. काल विचारलं. "मी तर वाटच बघतोय," तो म्हणाला. मग मीच पाळकांना फोन लावला. "ताई, किती वाजता येऊ?" एवढंच त्यांनी विचारलं.

तर आई, रविवारी आम्ही जाणार. चौघं खुर्ची धरतील आणि मी मागून चढेन. खुर्ची वाकडी होतेय असं मला दहादा वाटेल. तरी हात घालणार नाही. हा शब्द देते तुला.

तुझी,
शीला