मापाचं पोलकं आणि मुन्नीची सोयरीक

आर्णी, शुक्रवार दुपार
सन १९६३

प्रिय इंदुताईस गौहरचा सलाम. आणि तुझ्या सासूबाई बाजूला बसून ऐकत असतील तर त्यांना नमस्कार. (त्यांनी यापुढचं ऐकू नये हे बरं. तू मनातल्या मनात वाच.)

तुझी कंबर कशी आहे? गेल्या खेपेला भेटलीस तेव्हा उठताना भिंत धरत होतीस. दुसऱ्यांच्या बाळंतपणांनी नर्सची कंबर जाते आणि स्वतःच्या बाळंतपणांनी आमची, एवढाच काय तो फरक. आमच्याकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. थकले आहे, ताई. तुझ्या मागे-मागे शाळेत यायची ती गौहर आता चार लेकरांची आई आहे, आणि या क्षणी एक लेकरू मांडीवर, एक पाठीवर आणि दौत चुलीच्या ओट्यावर, अशा थाटात हे पत्र चाललं आहे.

तर खबर अशी की आमच्या मुन्नीची सोयरीक ठरली. दचकू नको, मुन्नी आता कुठे टेकून बसायला लागली आहे. नवरदेव तिच्याहून धाकटा, नुकती मान धरतो आहे. तो म्हणजे माझ्या नणंदेचा, रौशनचा मुलगा रहमत. त्याच्या अकीक्याच्या, म्हणजे जावळ काढायच्या, दावतीत माझ्या सासूबाईंनी, खातूनबींनी, दोन्ही लेकरांच्या ओठांना साखर लावली आणि चारचौघांत जाहीर करून टाकलं की नात आणि नातू एकमेकांचे. सगळ्या बायका मुबारक मुबारक म्हणाल्या. माझ्या तोंडात शिरा होता, तो तिथेच राहिला. कारण ही सोयरीक होऊच शकत नाही, आणि का होऊ शकत नाही हे त्या घरात फक्त मला माहीत आहे. ते सांगायचं तर सुरुवात माझ्या पोलक्यापासून करावी लागेल, इलाज नाही.

तुला ठाऊक आहे, आमच्याकडे बाई शिंप्यासमोर माप द्यायला उभी राहत नाही. अंगाला नीट बसणारं एक पोलकं 'मापाचं' म्हणून पेटीत जपायचं, नवं शिवायचं झालं की तेच रुमालात बांधून गुलाम नबी शिंप्याकडे धाडायचं. माझं मापाचं पोलकं लग्नातलं. म्हणजे गुलाम नबी इतकी वर्षं इमानेइतबारे एका कोवळ्या पोरीचे कपडे शिवतो आहे, आणि घालते मी. पहिल्या खेपेला दिवस राहिले तेव्हाच दोन्ही शिवणी उसवाव्या लागल्या होत्या, लेकरू जगात यायचं होतं तरी. मग दूध आलं आणि एक हूक तुटून वरणात पडला. (तो मुन्नीच्या अब्बांच्या दाताखाली आला. कय्युम हे नाव मी तोंडाने घेत नाही, लिहिलेलं चालतं म्हणतात. त्यांनी खडा समजून किराणावाल्याशी भांडण केलं, ते अजून मिटलेलं नाही.) दूध सुटलं की सगळं उतरलं, आणि त्याच पोलक्यात वारा खेळू लागला. असं चढणं-उतरणं चारदा झालं. आता तर दोन्ही बाजू एकमेकींसारख्याही राहिल्या नाहीत. मुन्नीला डावी आवडते. उजवीला लावली की शिळं वाढल्यासारखं तोंड करते. म्हणून डावी भारी, उजवी हलकी, आणि पोलकं दिवसभर एका खांद्यावरून घसरतं. माझे अब्बा पिंजारी होते. दबलेल्या उशीचा कापूस ते पिंजून द्यायचे आणि उशी पुन्हा नवी व्हायची. या कामाचा पिंजारी मात्र अल्लाने पाठवला नाही. मला त्याचं काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगते. पण आंघोळीला बसल्यावर कधी खाली नजर गेली की वाटतं, ही कोण बाई, आणि मग गार पाणी अंगावर ओतून घेते. वाटतं ताई, वाईट वाटतं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

आता रौशन. तिच्या नवऱ्याचं तुमच्या यवतमाळला फोटो काढायचं दुकान आहे. तिचा लग्नातला फोटो दुकानाच्या काचेत लावलेला आहे, तो पाहायला माणसं सायकल थांबवतात म्हणे. लेकरू झालं की तशीच बसवून नवा फोटो काढायचा आणि जुन्याशेजारी लावायचा, असा बेत होता. तर पहिल्या बाळंतपणाला ही इथे माहेरी आली, आणि मुलगा झाल्याबरोबर सांगून मोकळी झाली की अंगावर पाजणार नाही. का? तर आकार जातो. पुरावा काय? "भाभी को देखो ना." (घरात आम्ही आमची हिंदी बोलतो, अपमान त्या भाषेतही कळतो.) मी भाकरी थापत होते. थापत राहिले.

मग यवतमाळहून डब्याचं दूध आलं. डब्यावर लिहिलं असेल त्याच्या निम्मी भुकटी सासूबाई पाण्यात घालायच्या, महागाची वस्तू पुरवून वापरावी म्हणून. लेकराच्या मांड्या सुकल्या, चेहरा म्हाताऱ्यासारखा झाला. रात्रंदिवस किरकिर. आणि माझ्या अंगाचा असा गुण आहे की रडणारं कोणीही असो, दूध उतरतं. परवा शेजारच्या बकरीचं करडू ओरडलं तर माझा पदर भिजला. मग हे तर घरातलं लेकरू. एका दुपारी सगळ्या निजल्या होत्या, ते पाळण्यात रडून रडून आवाज बसवून घेत होतं. मी त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि पदराखाली घेतलं. ते असं तुटून पडलं की मलाच रडू आलं. त्या दिवसापासून रोज दुपारी आमची ही चोरी सुरू झाली. रहमत अंगाने भरला. सासूबाई आल्यागेल्याला डब्याची तारीफ सांगू लागल्या. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची हंसाबाई आमच्याकडे तूप घेऊन येते, तिलाही डबा काढून दाखवला. तिने लेकराकडे पाहिलं, माझ्या भिजलेल्या पोलक्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "डब्ब्याले लयच पान्हा फुटून राह्यला, बाई." मग तूप मोजायला बसली. अशी माणसं आहेत म्हणून दुनिया चालते.

पुढचं ऐक. फोटोसाठी रौशनने नवं पोलकं शिवायला टाकलं, अर्थातच तिच्या लग्नातल्या मापावर. आलं ते खाली बरगड्यांना आवळतं आणि वर रिकामं. परत धाडलं. पुन्हा आलं, तसंच. गुलाम नबीने निरोप दिला की पोलकं मापाबरहुकूम आहे. माणूस मापाबरहुकूम नसेल तर त्याला कैचीचा इलाज नाही. रौशन भडकली, आणि शिंप्याला खोटं पाडायला पेटीतलं मापाचंच पोलकं काढून अंगात घातलं. तेही तसंच बसलं. एक थेंब पाजला नव्हता, तरीही! ती रडायला लागली. हंसाबाई दारातच होती. म्हणाली, "पोट राह्यलं का आंग बदलतेच, पोरी. पाजलं काय अन् नाही पाजलं काय. म्हून तं आमच्या कांचळीले मांगून बंद असतात. आंग बदललं का गाठ बदलवाची. रडतं काहून?" तूही मला तिसऱ्या खेपेला हेच समजावलं होतंस, की जे ताणलं जातं ते दिवस राहिल्यानेच, बाकीचं वयाने आणि अंग भरण्या-उतरण्याने, पाजण्यावर उगाच खापर. पण माझं या घरात कोण ऐकणार? मी तर पुरावा होते.

रौशन माझा हात धरून म्हणाली, भाभी, मग मी याला उगाच उपाशी ठेवलं का? माझ्याजवळ महिन्यांपासून धार लावून ठेवलेलं एक उत्तर होतं. ते निघालंच नाही. पोरसवदा मुलगी, दूध आटून गेलेलं, आणि समोर ते दोनदा परत आलेलं पोलकं. मी ते घडी घालून बाजूला ठेवलं आणि तिच्याजवळ बसले.

आणि त्यानंतरच्या आठवड्यात ही साखर. आमच्यात एका बाईचं दूध प्यायलेली लेकरं भाऊ-बहीण होतात, त्यांचा निकाह हराम. म्हणजे माझ्या मुन्नीचा नवरदेव तिचा भाऊ आहे. बोलले तर रौशनची चारचौघांत नालस्ती, सासूबाईंच्या डब्याची फजिती आणि मी चोर. नाही बोलले तर पोरं मोठी होतील आणि तो गुन्हा माझ्या मानेवर. रात्री झोप नाही. अशी एरवीही नसते म्हणा.

घरच्या सगळ्यांना माझा सलाम सांग. कमरेला एरंडाचं तेल चोळ. मुन्नी उठली, थांबते.

तुझी दमलेली,
गौहर

ता. क. – पत्राचं खरं काम राहिलंच. येत्या रविवारी एसटीने इकडे ये. पांढरी साडी नेसून ये, घड्याळही लाव. सासूबाईंना सांग की लेकरू सुकलं होतं म्हणून गौहरला पाजायचा हुकूम मीच दिला होता, आणि कोणाला सांगू नको असंही मीच बजावलं होतं. त्या मौलवीसाहेबांचं आणि नर्सचं, एवढ्या दोघांचंच ऐकतात. सोयरीक आपोआप मोडेल आणि कोणाचं नाक कापलं जाणार नाही. पाप लागलं तर अर्धं मी घेईन.

ता. क. दुसरा – आटलेलं दूध लेकराला पुन्हा पुन्हा लावून परत येतं का? रौशन विचारते. तिने ते पोलकं मोलकरणीला देऊन टाकलं.

ता. क. तिसरा – हे वाचून फाड. "भाभी को देखो ना" हे रौशनचं बोलणं नव्हतं. नवा डबा घेऊन आले त्या दिवशी तिचे मियाँच तिला पुन्हा बजावत होते, तुझ्या भाभीसारखी होऊ नकोस. मी पडद्यामागे होते. त्याच संध्याकाळी सासूबाई मला म्हणाल्या की मुन्नीला रौशनच्याच घरात द्यायचं मनात आहे. उद्या तिथे माझ्या पोरीकडेही कोणी असंच बोट दाखवेल, हे माझ्या डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी दुपारी रहमत रडला. तो भुकेला होता हे खरं, माझं दूध उतरलं हेही खरं. पण उचलण्याआधी मी मुन्नीकडे पाहून घेतलं होतं. मौलवीसाहेब म्हणतात, नातं जुळायला एक घोट पुरतो. मी त्याला पोटभर पाजलं.