गोळाफेकीचा बास्केटबॉल

८ सप्टेंबर, सोमवार

कोर्टवरचा गणपतीचा मांडव अखेर निघाला. बाप्पा गेले, बांबूंचे खड्डे राहिले. त्यातले दोन फ्री-थ्रोच्या रेषेवर, नेमके पाय ठेवायच्या जागी. कॉलेजचं कोर्ट आणि माझं झेरॉक्सचं काउंटर यांच्यामध्ये एक रस्ता आणि एक जाळी. त्यामुळे बघायचं नाही म्हटलं तरी दिसतं. आणि बघायचं नाही असं मी कधी म्हटलेलं नाही.

मुलींचा सराव आजपासून. २५ तारखेला नांदुऱ्याला आंतरमहाविद्यालयीन सामने. दहा जणी आल्या. नऊ जणींनी चेंडू मानेला टेकवला, डावा हात पुढे धरला, अर्धी गिरकी घेतली आणि ढकलला. गोळाफेक. सगळ्या पोलीस भरतीवाल्या; भरतीच्या ग्राउंडवर पळणं आणि गोळा, दोन्हीला गुण. एकीचा चेंडू बोर्डावरून सायकल स्टँडवर गेला तर बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. लांब गेला ना.

दहावी शीतल. उंद्रीहून एसटीने येते. डाव्या हाताने ड्रिबल करत खड्डे चुकवत गेली, दोन पावलं, उडी, चेंडू आत. कुणी बघितलंही नाही. मी बघितलं, आणि एका गृहस्थाच्या सातबाऱ्याची झेरॉक्स उलटी काढली.

१० सप्टें., बुध.

डायरेक्टर सर (यापुढे डा. स.; रोज पूर्ण लिहायची त्यांची लायकी नाही) कॉलेजच्या खेळखात्याचे प्रमुख. सराव कसा घेतात: प्लास्टिकची खुर्ची, शिट्टी, मोबाइल. दर पंधरा मिनिटांनी शिट्टी. कशासाठी ते शिट्टीलाही ठाऊक नसावं.

दुकानावर चहाला आले तेव्हा मी विचारलं, सर, शूटिंग शिकवणार की नाही? म्हणाले, "मॅडम, बास्केटबॉल म्हणजे शेवटी काय? पळणं आणि फेकणं. दोन्ही येते पोरींना."

पुढे पोहणंही शिकवतील. पळणं आणि आंघोळ, दोन्ही येते.

११ सप्टें.

उडी कुणीच मारत नाही. रिबाउंडला सगळ्या हात वर करून उभ्या, बस थांबवल्यासारख्या. पूजाला विचारलं. संघातली सगळ्यात उंच, तोंडानेही तेवढीच. "काकू, पुढं ग्राउंड हाये ना. गुडघा गेला त भरती गेली."

उडी न मारता बास्केटबॉल. आमच्या जिल्ह्याची खेळाला देणगी.

१२ सप्टें., शुक्र.

आज कळलं या नऊ जणी येतात कशाला. पूजा कागदांचं बाड घेऊन आली. गुणपत्रिका, डोमिसाईल, जातीचा दाखला, सगळ्याच्या तीन-तीन प्रती. म्हणाली, आता फक्त खेळाडूचं सर्टिफिकेट राह्यलं. डा. स. नी सांगितलंय, नांदुऱ्याला एक मॅच खेळा, हरा नाहीतर जिंका, प्रमाणपत्र मिळते, आणि मग भरतीत खेळाडूंच्या पाच टक्क्यांत नंबर.

मी प्रती काढल्या. पिना मारल्या.

या पाच टक्के आरक्षणाच्या शासन निर्णयाची प्रत माझ्या ड्रॉवरमध्ये कायम असते, रोज कुणीतरी मागतं. पान चार. राज्य पातळीवर पहिल्या तीनात यावं लागतं. नांदुऱ्याला जाऊन नुसता भाग घेतला त्याचं प्रमाणपत्र भिंतीला लावायला चांगलं.

डा. स. ना हे माहीत नाही, की माहीत असून? दोन्हीपैकी कशाची जास्त किळस यावी ते ठरवतेय.

१३ सप्टें.

सांगितलं तर नऊ जणी उद्यापासून येणार नाहीत. मग एकट्या शीतलला कोण नेतंय नांदुऱ्याला. विद्यापीठाचा संघ निवडणारे तिथे येऊन बसणार. तिचं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी ती असेल, कॉलेज नसेल.

मी खेळायचे तेव्हा, आमच्या शेवटच्या वर्षी, संघात आम्ही नऊ जणी होतो. नांदुऱ्याच्या सामन्याच्या आठवड्यात दोघींचं लग्न ठरून साक्षगंध, एकीला कांजिण्या, दोघी म्हणाल्या मग आता कशाला जायचं. उरलो चौघी. चौघींना कुणी खेळू देत नाही. नांदुऱ्याला त्यानंतर शंभरदा गेले, लग्नकार्याला, बाजाराला. ते मैदान कोणत्या बाजूला आहे अजून माहीत नाही. विचारलेलं नाही.

यांना सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. म्हणाले, तू त्या टीमवर चिडतेस का तिला बघायला जातेस, एक काय ते ठरव.

१६ सप्टें., मंगळ.

जर्सी आल्या. वाटणार नाहीत, पितृपक्ष आहे. नवीन कपडे घट बसल्यावर. तोवर पोरी ओढण्या कमरेला बांधून खेळताहेत. खेळताहेत म्हणजे जे काय करताहेत ते.

नमुना डा. स. नी दुकानावर दाखवला. पाठीवर संस्थाध्यक्षांचा फोटो, हसरा, दोन्ही हात जोडलेले. खाली नंबर, मनगटी घड्याळावरच्या आकड्याएवढा. मी म्हटलं, पंचांना नंबर दिसायचा नाही. म्हणाले, "साहेब त दिसतीन."

मोजे कुणालाच नाहीत. मोज्यांवर फोटो छापता येत नसावा.

१८ सप्टें., गुरु.

शेजारच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या मुलींशी सरावाचा सामना. ३८-६. सहाच्या सहा शीतलचे. बाकीच्यांनी तिला एकदाही पास दिला नाही. वाईट मनाने नाही, पास ही गोष्टच माहीत नाही. चेंडू हातात आला की फेकायचा किंवा पळायचं. एकीने ड्रिबल न करता चेंडू छातीशी धरला आणि सरळ रेषेत सुटली. कोर्टबाहेर, सायकल स्टँड ओलांडून पाण्याच्या टाकीपर्यंत. शिट्टी तीनदा वाजली. वेळ चांगली लागली असणार.

डा. स. : "स्पीड चांगला हाये."

मला हसू यायला हवं होतं. दुकानाचं अर्धं शटर ओढून बसले.

नंतर शीतल आली. घामाने निथळलेली, गुडघा सोललेला. मी खेळायचे असं कुणीतरी सांगितलं म्हणे तिला. डाव्या हाताच्या ले-अपला, शेवटच्या दोन पावलांत, उजवा पाय आधी पडतो, सुधारत नाही, दाखवता का. मी म्हटलं माझं वय काय, पंजाबी ड्रेस काय. तरी गेले. जाळीतल्या फटीतून, गेटमधून नाही. दोन पावलं टाकून दाखवली. तिसरं पाऊल खड्ड्यात. पूजा म्हणाली, "काकू, तुमीच चाला नांदुऱ्याले." सगळ्या हसल्या. हे हसू बरं होतं. तेवढंच.

१९ सप्टें., शुक्र.

लिहावं की नाही.

पूजा भरतीचा ऑनलाइन फॉर्म भरायला आली. फोटो, सही, आईचं नाव, छातीचं माप मुलींना नसतं हे मी सांगितलं, ती म्हणाली बरं झालं. मग तो रकाना. खेळाडू आहात का: होय / नाही. माउस माझ्या हातात. ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, "होय करा ना काकू. पुढच्या हप्त्यात सर्टिफिकेट येऊनच राह्यलं."

होय केलं आणि पडताळणीत ते प्रमाणपत्र चाललं नाही, तर पोरीचा फॉर्मच लटकायचा. सकाळी साडेचारला उठून पळते ती. बापाने शेतात तिच्यासाठी मातीचा ट्रॅक करून दिलाय.

मी म्हटलं, सर्व्हर डाऊन आहे. उद्या ये.

सर्व्हर उत्तम चालू होता. ती गेल्यावर तिघांचे फॉर्म भरले.

डा. स. निदान खुर्चीवर बसून खोटं बोलतात. मी तर चष्मा पुसत बोलले.

२० सप्टें.

पूजा दोनदा आली. सर्व्हर दोनदा डाऊन. शेवटची तारीख २३.

संध्याकाळच्या बसची वाट बघत शीतल दुकानात बसली होती. वाटलं हिला तरी सांगावं. ड्रॉवर उघडला, पान चार काढून तिच्यापुढे ठेवलं. तिने बघितलंही नाही.

"मले माईत हाये काकू. मागच्या सालीच वाचला म्या."

मी म्हटलं, मग पूजाला सांगितलं काऊन नाही?

शीतल बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "तुमी काऊन नाई सांगतलं?"

बस आली. उंद्रीची बस कधी वेळेवर येत नाही. आज आली.

२१, रवि.

दुकान बंद. काही लिहिण्यासारखं नाही. लिहिण्यासारखं आहे ते लिहिणार नाही.

२२ सप्टें., सोम.

घट बसले. जर्सी वाटप. अध्यक्ष एक तास उशिरा. पोरी उन्हात रांगेत, पाठमोऱ्या, कारण फोटो पाठीचा हवा. दहा अध्यक्ष हात जोडून उभे. अकरावे समोर, खरे. मग भाषण. खेळाने चारित्र्य घडते. खड्डे तसेच.

पूजाने जर्सीतला सेल्फी मला पाठवला. खाली: "काकू सर्व्हर पाहा ना आज."

पाहिला. चालू होता. तिला कळवलं नाही.

२३ सप्टें., मंगळ.

सकाळी दहाला पूजा, थेट काउंटरच्या आत. मी फॉर्म उघडला. त्या रकान्यापर्यंत आलो. मग माउस सोडला आणि पान चार तिच्या हातात दिलं.

तिने उभ्याउभ्या वाचलं. बोट ओळीखालून फिरवत, दोनदा. विचारलं, सरांना माहीत होतं का. मी म्हटलं मला माहीत नाही. विचारलं, तुम्हाला कधीपासून. मी तारीख सांगितली. खोटी सांगता आली असती.

मग म्हणाली, "नाही करा."

केलं. सबमिट. पावती छापली. घडी घालून पर्समध्ये ठेवली तिने, आणि दाराशी थांबून विचारलं, अगदी साधं, भांडणाचा सूर नाही:

"मंग मॅच कायले खेळाची काकू?"

चार वर्षं खेळले मी. चौथ्या वर्षी चौघी उरलो. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही नाही. म्हटलं, शीतलसाठी. हे बरोबर उत्तर नव्हतं, तिच्या तोंडावर दिसलं. ती पान चार घेऊन गेली. बाकीच्यांना दाखवायला असणार.

दुपारी डा. स. आले, चहा न घेता. मॅडम, तुम्ही पोरींना काय सांगून राह्यल्या. मी म्हटलं, पान चार, देऊ का प्रत? नको म्हणाले. तोंड वरणात पडलेल्या पापडासारखं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना बघून बरं वाटलं, पण पुरलं नाही.

परवा सकाळी सातची नांदुऱ्याची बस.

आता पाच चाळीस. सराव साडेपाचला असतो. खुर्ची आहे, डा. स. नाहीत. कोर्टवर शीतल एकटी. दोन पावलं, उडी, चेंडू आणायला स्वतःच धावते. पुन्हा. पाय आता बरोबर पडतोय. सायकल स्टँडजवळ दोघी-तिघी उभ्या, पाठीवर अध्यक्ष, बोलताहेत. काय ते इथून ऐकू येत नाही.

गेटशी पूजा. बूट घातलेले. आत येत नाही, जातही नाही.

गिऱ्हाईक आलंय.