लेफ्सा कोणी उलटायची

ती. आर्डिसताईस,

धाकट्या ऑरव्हिलचा आयोवाहून नमस्कार. ॲरिझोनाच्या उन्हात तुझा गुडघा वळणावर आला असेल आणि मेहुणे अजून गोल्फच्या निमित्ताने घराबाहेर राहत असतील, असं धरून चालतो. इकडे मका निघाला, पहिलं बर्फ पडलं, माझी तब्येत ठीक. (ठीक म्हणजे वाईट नाही. याहून चांगली म्हटली तर आपल्याकडे फुशारकी समजतात.)

पत्रास कारण, चर्चचं लुटेफिस्कचं, आपल्या त्या खारात मुरवलेल्या माशाचं, जेवण यंदाही झालं. झालं म्हणजे काय झालं, ते सांगतो. समितीवर मी आणि लव्हॉनबाई स्कार असे दोघे. दोघांच्या अंगणात एकाच रिपब्लिकन उमेदवाराची पाटी, दोघेही कट्टर पुराणमतवादी. पण चाळीस वर्षं एका बाकावर बसूनही आमची पुराणमतं दोन आहेत, हे मला यंदा कळलं. ताटात नॉर्वेहून आलेल्या आजोबांच्या वेळचाच मासा असावा, जेवणाआधीची प्रार्थना नॉर्वेजियनमध्ये व्हावी (अर्थ कोणाला कळत नाही, तरीही), लेफ्सेला, म्हणजे बटाट्याच्या त्या पातळ पोळीला, लाटणं खाचांचंच असावं, एवढं सांभाळलं की देश सांभाळला, असं माझं मत. लव्हॉनबाईंना ताटाशी घेणंदेणं नाही. मासा बंद करून मीटबॉल वाढले आणि गिटारवर स्तोत्रं म्हटली तरी त्यांची हरकत नाही. हरकत आहे ती ओट्यापाशी उभं राहिलेलं माणूस लग्नावाचून कोणाबरोबर राहत असेल त्याला. (लेफ्सा लाटणारा कोणाबरोबर राहतो यात मला कधी रस नव्हता. कडा पातळ आल्या म्हणजे झालं.) एका पक्षात आम्ही सुखाने नांदतो, कारण तिथे एकत्र स्वयंपाक करावा लागत नाही.

सप्टेंबरच्या बैठकीत बाईंनी मासा आणि प्रार्थना दोन्ही मला सोडून दिली, आणि त्या बदल्यात एक छोटासा नियम मांडला: बिनलग्नाच्या जोडप्यातल्या कोणी स्वयंपाकघरात यायचं नाही. मासा वाचल्याच्या आनंदात मी हात वर केला. गाडीपाशी आल्यावर डोक्यात उजेड पडला, की दरवर्षी स्वयंपाकाला येणाऱ्यांत हा नियम लागू होतो तो एकाच व्यक्तीला, आपल्या सोल्वेगला. माझी नात मिनियापोलिसला मार्कसबरोबर राहते, फेब्रुवारीत बाळ येणार आहे, आणि आपल्या आईसारखी लेफ्सा उलटणारे हात घरात आता तिचेच उरलेत. मासा ठेवला आणि नात घालवली, असा माझा व्यवहार.

पुढच्याच आठवड्यात तिचा फोन. तिच्या कानावर गेलंच होतं. तिने विचारलं, "आजोबा, मी येऊ का यंदा?" मी म्हटलं, "तुला त्रास होणार असेल तर नको हं." ताई, आपल्या गावात याचा अर्थ काय, ते तुला सांगायला नको. याचा अर्थ, आत्ताच निघून ये. तिने दुसऱ्यांदा विचारलं असतं, मी दुसऱ्यांदा नको म्हटलं असतं, तिसऱ्यांदा हो, आणि नियम गेला खड्ड्यात. पण कॅलिफोर्नियात शिकून आल्यापासून पोरगी एकदाच विचारते. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

मग जेवणाच्या दिवशी रीतसर लग्न झालेले आठ हात तव्याला लागले. पहिली लेफ्सा घोड्याच्या खोगिरासारखी निघाली. नववी तव्याला चिकटली, धूर झाला, घंटा वाजली आणि दोनशे माणसं कोट घालून गाड्यांच्या मैदानात उभी राहिली. आमच्या उमेदवाराने तिथेच भाषण उरकून घेतलं, परंपरा आणि कुटुंबाची नीती एका दमात. अर्ध्या वाक्याला मी टाळी वाजवली, अर्ध्याला लव्हॉनबाईंनी. तोवर आत चुलीवरचा मासा विरघळून नाहीसा झाला होता. शेवटी बाईंनी "असू द्यावेत" म्हणून करून ठेवलेले मीटबॉल सगळ्यांनी खाल्ले आणि जाताना "यंदा वेगळं होतं" म्हणाले. आपल्याकडे याहून जहाल शिवी नाही.

माशाचं मला फारसं वाटलं नाही, ताई. सोल्वेगची लेफ्सा उलटायची काठी खुंटीवर तशीच टांगलेली होती. ती पाहून मात्र डोळे भरून आले. (धूरही होता.)

मेहुण्यांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
ऑरव्हिल

ता. क. सोल्वेगला मी स्वतः फोन केला होता. हवामानावर वीस मिनिटं बोललो आणि ठेवला. तर तेवढं तू तिच्याशी बोलशील का?

ता. क. २. पाकीट बंद करणार तोच लव्हॉनबाई आल्या. हातात बाळाची लोकरीची टोपी, वर आठ पाकळ्यांचा तारा, आपल्या आईच्या मोज्यांवर असायचा तोच. म्हणाल्या, "लग्नाचं मी तिला तोंडावर सुनावणार आहे. पण थंडी काही लग्न बघून पडत नाही." टोपी पोस्टाने पाठवू का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, "तुम्हाला त्रास होणार असेल तर नको." बाई इथल्याच, मला खरं काय हवंय ते ओळखलं. टोपी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मग न्यायला येईल ती."

ता. क. ३. फोनवर 'त्रास होणार असेल तर' म्हणू नकोस. आजोबांनी ये म्हटलंय, एवढंच सांग. या एका बाबतीत आपली पद्धत मोडली तरी चालेल.