बापाचं नको, आज्याचं सांग

तामसी,
ता. ६ ऑगस्ट २०२५

चि. प्रियदर्शनीस लक्ष्मणमामाचे आशीर्वाद.

आम्ही येथे ठीक. तू तेथे ठीक असल्याचं तुझी आई सांगते, म्हणून खरं मानतो. फोन न करता पत्र का, तर फोनवर तू “हो मामा, हो मामा” म्हणतेस आणि मागून बटणांची टकटक ऐकू येते. पत्र वाचताना तरी तुझे दोन्ही डोळे माझ्याकडे असतील.

खबर अशी की तुझ्या कंपनीच्या त्या अनंतपेठेत मी दाखल झालो आहे. शेजारच्या रामाजीच्या मयूरीने मोबाइलवर खेळ घालून दिला. नाव काय ठेवू म्हणाली, मी म्हटलं जे आहे तेच ठेव. आत जाऊन पाहतो तर कोणी ‘काळरात्र’, कोणी ‘यमाचा जावई’, आणि त्यांच्यात डोक्यावर ‘लक्ष्मण तामसीकर’ असं लिहिलेला मी. तुझी मामी म्हणते, वांग्याला पाणी द्यायचं सोडून हे राक्षस मारायला निघाले. मी अजून एकही मारलेला नाही. एकाने मात्र मला मारलं, आणि शेजारून जाणाऱ्या कोणी वळूनही पाहिलं नाही.

कारण तुझ्यापासून लपवत नाही. आमचा जीवन तिथे असतो. बाजारहत्नूरला त्याच्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा पाहुण्यांसमोर मी बोललो की पोरगा दिवसभर यंत्रापुढे बसतो, त्याला माणसांत बसायला शिकवावं लागेल. तो म्हणाला, माझी माणसं तिथंच आहेत. उठला आणि आदिलाबाद गाठून नागपूरची गाडी धरली. वर्ष होत आलं. आईशी बोलतो, पण फोन माझ्या हातात आला की कट होतो. मग मी ठरवलं, त्याची माणसं तिथे आहेत तर आपणही तिथेच जाऊ. मला जीवनशी बोलायचं आहे, दुसरं काही नको. तो तिथे कोणत्या नावाने फिरतो ते कळव.

लोभ भरपूर आहे, फक्त वापरत जा.

तुझा
लक्ष्मणमामा

हैदराबाद,
१४ ऑगस्ट

ती. लक्ष्मणमामांस सा. न. वि. वि.

बटणं बाजूला ठेवून वाचलं. ऑफिसात कोणाच्या नावाने पत्र येण्याची ही पहिलीच वेळ. वॉचमनला वाटलं कोर्टाची नोटीस आली, त्याने ते दोन बोटांनी धरून आणून दिलं.

जीवनचं खेळातलं नाव सांगता येणार नाही. एक तर नियम तसा आहे. दुसरं म्हणजे तुम्ही विचाराल हे ओळखून त्याने मला आधीच शपथ घातली आहे. सांगितलं तर नोकरी जाईल आणि मामेभाऊही जाईल. शोधायचं तर तुम्हीच शोधा. पण मामा, एकाच वेळी लाखो लोक असतात तिथे. तुमच्या अख्ख्या जिल्ह्याने एकदम शिंकावं एवढा आवाज असतो.

आमच्या साहेबांना याचाच अभिमान. “मॅसिव्ह” हा शब्द ते चहा मागतानाही वापरतात. तरी आतली गोष्ट सांगते, लोक येतात, मारतात आणि निघून जातात, टिकत नाहीत. का टिकत नाहीत यावर रोज बैठक होते. तुम्ही आत आहातच, तर जाता जाता तेवढं पाहून सांगा.

मामीला नमस्कार. आपला लोभ असू द्यावा, उपदेश थोडा कमी पडला तरी चालेल.

आपली
प्रियदर्शनी

तामसी,
२५ ऑगस्ट

चि. प्रियदर्शनीस आशीर्वाद, आणि तुझ्या साहेबांना लांबूनच राम राम.

नाव सांगत नाहीस तर नको सांगूस. मी माझ्या पद्धतीने शोधतो आहे. तुमच्या पेठेत नावेचा धक्का आहे, तिथे एक कडुलिंब आहे, आणि सगळी जनता त्याच्याजवळून जाते. मी त्याच्या खाली बसतो आणि येईल त्याला आपल्याकडचा प्रश्न विचारतो: “कोनाच्या घरचा रे तू? बापाचं नको, आज्याचं नाव सांग.” तुला ठाऊकच आहे, बापाच्या नावावरून मला घर लागत नाही. आजोबा कळला की घर, वावर, बैलांचे रंग सगळं समोर येतं. तेलुगूवाल्याला तेलुगूत विचारतो, हिंदीवाल्याला हिंदीत. पहिले काही दिवस एकजणही थांबला नाही. एकाने मला शिवी दिली, तीही इंग्रजीत, म्हणजे ओळख ठेवायची नाही असंच ठरवून दिली.

साहेब विचारतात लोक टिकत का नाहीत. त्यांना एकदा आमच्या फाट्यावर आदिलाबादच्या बससाठी उभं करा. बस उशिरा येते म्हणून तर आशाबाईच्या लेकीचं लग्न कुठे अडलं ते मला कळतं आणि माझा दुखरा गुडघा कोणत्या पायाचा ते तिला कळतं. तुमची नाव पाय ठेवला की सुटते. जखम आपोआप भरते, तलवार एकट्याला पुरते. कोणाला कोणासाठी थांबावं लागत नाही, कोणी कोणाला पाणी मागत नाही. आज भांडलेला माणूस उद्या पुन्हा समोर येईल ही धास्तीसुद्धा नाही. कापसाच्या हंगामात आदिलाबादच्या यार्डात गाड्यांची रांग लागते, तेव्हा शिव्या देत देत दुपारपर्यंत तिथे सोयरिकी जमतात. तुम्ही लाखो माणसं गोळा केली आणि एकेकाला एकटं सोडून दिलं. याला गर्दी म्हणतात, बाई. गाव म्हणायला अजून वेळ आहे.

आता चारदोन जण बसू लागले आहेत. ‘यमाचा जावई’ रोज येतो. निर्मलचा आहे, आजोबा लाकडी खेळण्यांना रंग द्यायचे, याला स्वतःला अंधाराची भीती वाटते. ‘काळरात्र’ करीमनगरच्या शाळेत शिकवते, तिने मला भेंडीचं लोणचं कसं घालतात ते सांगितलं. तुझ्या मामीने घातलं, बिघडलं, आणि त्याचा दोष माझ्यावर आला.

जीवन अजून आला नाही. आला असेल तर बोलला नाही. मी बसून आहे.

माया कायम ठेव, बैठका कमी कर.

तुझा मामा

हैदराबाद,
२ सप्टेंबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

रागावू नका असं लिहिणार होते, पण तुम्ही रागावणारच, तेव्हा सरळ सांगते. कालपासून अनंतपेठेत तुमचे शब्द उमटत नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मोबाइल बिघडलेला नाही. तुमच्यावर बोलण्याची बंदी आली आहे. जो खेळाडू दुसऱ्यांना वारंवार नाव, गाव, घरचे विचारतो त्याचं तोंड यंत्र आपोआप बंद करतं. आणि हा नियम मी लिहिला आहे, मामा, तुमच्या भाचीने.

हसत असाल तर हसा, पण माझी बाजूही ऐका. आमच्याकडे शाळेतल्या पोरी खेळतात. त्यांना कोणी अनोळखी माणूस गाव आणि बापाचं नाव विचारतो, तेव्हा तो दर वेळी लक्ष्मणमामा नसतो. यंत्राला तुमचा चेहरा दिसत नाही, प्रश्न तेवढा दिसतो. मी तुमच्या वतीने अर्ज केला आहे. तो कोणत्या देशात कोण वाचतं ते मलाही माहीत नाही.

माझ्यावरचा राग वांग्यांवर काढू नका. लोभ शिल्लक असेल तेवढा राहू द्या.

आपली
प्रियदर्शनी

तामसी,
९ सप्टेंबर

चि. प्रियदर्शनीस, आशीर्वाद देतो, जरा दात आवळून.

वा रे तुमची पेठ. शेजाऱ्याची मुंडी उडवली तर वर ढोल वाजतो, आणि शेजाऱ्याला तू कोणाचा म्हणून विचारलं तर गुन्हा. निजामाच्या वेळचे कोतवालसुद्धा आधी विचारायचे आणि मग मारायचे.

पोरींबद्दलचं तुझं म्हणणं मात्र मान्य. तुझ्या मामीनेही तुझीच बाजू घेतली. म्हणाली, “लग्नाच्या आदी तुमी मले असंच इचारलं असतं, तर म्या बी तोंड बंदच केलं असतं.” तेव्हा नियम राहू दे.

मी अजून रोज जातो. बोलता येत नाही, पण चालता येतं आणि उडी मारता येते. हो म्हणायचं तर एक उडी, नाही म्हणायचं तर दोन. माझं तोंड बंद झाल्यापासून कडुलिंबाखाली माणसं वाढली आहेत. यमाचा जावई सगळ्यांना सांगत बसतो की काका मुके नाहीत, शिक्षेत आहेत. नवा माणूस आला की माझ्या वतीने तोच आज्याचं नाव विचारायचा. काल त्याचंही तोंड बंद झालं, आता आम्ही दोघे उड्या मारतो. तुझी मामी पदर तोंडात कोंबून हसते.

मी पण हसतो. पण एक विचार आला की हसू थांबतं. उद्या जीवन खरंच समोर आला, तर मी त्याला विचारू कसा?

तुझा मामा, जो लोभ ठेवून आहे पण सांगू शकत नाही

हैदराबाद,
२३ सप्टेंबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला मला लाज वाटते आहे.

कडुलिंबाखाली माणसं काही न करता बसून आहेत, अशी आमच्याकडे आधी बिघाड म्हणून नोंद झाली. दोन इंजिनियर तो दुरुस्त करायला बसवले. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की खेळात टिकणारी माणसं तीच आहेत, जी तिथे बसतात. साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच एक यंत्राचा काका तयार करवला. धोतर, पटका, वाक्यं तुमची. “कोनाच्या घरचा रे तू? बापाचं नको, आज्याचं नाव सांग.” तो न थकता प्रत्येकाला हे विचारतो. कोणी उत्तर दिलं की छान म्हणतो आणि गोदामातले उंदीर मारायचं काम देतो. नाव ठेवलं आहे ‘व्हिलेज अंकल’. हा काका कोणाचं ऐकत नाही असं मी बैठकीत म्हटलं. माझ्या भावनांची नोंद घेण्यात आली.

तुमचा अर्ज फेटाळला गेला. कारण दिलं आहे: प्रश्न आक्षेपार्ह. ज्या सोमवारी हे उत्तर आलं, त्याच सोमवारी तो प्रश्न यंत्राच्या तोंडी चढला.

मामा, मला माफ करा. तुमचा लोभ मागण्याचं तोंड आज नाही.

प्रियदर्शनी

नागपूर,
५ ऑक्टोबर

ती. बाबांस शि. सा. न.

‘वि. वि.’ म्हणजे विनंती विशेष. ती शेवटी आहे.

तुमचं नाव मी पेठेत आधीच पाहिलं होतं. लक्ष्मण तामसीकर, झाडाखाली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाय लावून पळालो. नंतरही धक्क्यावरून गेलो तेव्हा तुम्ही मला विचारलंत, मी ऐकलं नाही असं केलं आणि नावेत चढलो. राग होता. पाहुण्यांसमोर मला माणूसघाणा ठरवणारे तुम्ही, आणि माझ्याच जागी येऊन चार आठवड्यांत माझ्यापेक्षा जास्त ओळखी करून बसलात. मी पाच वर्षं खेळतो, बाबा. यमाचा जावई माझ्या शेजारी लढतो. त्याला अंधाराची भीती वाटते हे मला तुमच्यामुळे कळलं.

परवा गेलो तर नवा काका उभा. यंत्र आहे हे सगळ्यांना माहीत आहे. त्याने विचारलं, आज्याचं नाव सांग. तुमचेच शब्द, वाचताना कानात तुमचाच खाकरल्यासारखा सूर. तुम्हाला सांगणं मला जमलं नसतं. यंत्राला काय, म्हणून लिहून टाकलं: उद्धवरावांचा नातू, तामसी. तो म्हणाला छान, जा, उंदीर मारून आण.

तुम्ही असतात तर उद्धवराव कोणत्या बैलावरून पडले तिथून सुरुवात केली असती. मला एकदम फार वाईट वाटलं, एकटं वाटलं, आणि मी निघणार इतक्यात बाजूला पाहिलं. माझं उत्तर वाचून लक्ष्मण तामसीकर उड्या मारत होता, थांबतच नव्हता. मी लिहिलं, बाबा? त्यावर तुम्ही आणखी उंच मारल्या, म्हणजे मला तशा वाटल्या. मग यमाचा जावई उडायला लागला, काळरात्र उडायला लागली, आणि बघता बघता अख्खा धक्का उड्या मारत होता. कशासाठी ते आपल्या दोघांनाच माहीत. प्रियदर्शनी म्हणते, साहेबांनी त्या गर्दीचं चित्र भिंतीवर लावलंय आणि खाली मॅसिव्ह असं लिहिलंय. मी खोलीत बसून हसलो आणि रडलोही.

विनंती विशेष ही की फोन आईकडून घ्या. मी कट करणार नाही.

आपला
जीवन

तामसी,
११ ऑक्टोबर

चि. जीवनला बाबाचे आशीर्वाद.

पत्र आलं. तुझ्या आईने ते मोठ्याने वाचलं, नंतर मी चष्मा लावून मनात वाचलं. फोन करणार होतो, पण उड्यांच्या बटणाने अंगठा सुजला आहे. आणि काही गोष्टी कागदावर बऱ्या.

सोनाबाईंचा नातू दिवाळीला नागपूरहून येतो आहे, त्याच्याबरोबर ये. आदिलाबादला उतरलास की तामसीच्या बसला उशीर असेल. फाट्यावर कोणीतरी विचारेलच, कोणाच्या घरचा म्हणून. तेव्हा नीट सांग. तिथे तू आज्याचं नाव सांगितलंस, ते बरोबर. पण मधल्या माणसाचं राहून गेलं आहे. ते घरी येऊन सांग.

वाट पाहणारा
तुझा बाबा