खोसी झोपले आहेत

लेत्लापेंग, ९ फेब्रुवारी

ती. बोइपेलोताईस, ओलेबिलेचा सा. न. वि. वि.

तू फ्रान्सिसटाउनहून पाठवलेलं श्वासाचं यंत्र पोचलं. त्याच बसने परत पाठवावंसं वाटलं. मुखवटा बांधला की नाकात वारा शिरतो आणि कोणीतरी मला फुगवतंय असं वाटतं. घसा कोरडा पडतो, गालांवर वळ उठलेत. दाढीमुळे मुखवटा नीट बसत नाही; कडेने हवा निसटते ती थेट डोळ्यांत. मा-निओ म्हणते, तीस वर्षं नवऱ्याशेजारी झोपले, आता सोंडेशेजारी झोपते.

झोपेत तासाला बावन्न वेळा माझा श्वास थांबतो, असं डॉक्टर म्हणाले होते. मला त्यातली एकही वेळ आठवत नाही. जुलैची बैठक मात्र आठवते. चावडीवर सगळ्यांचं ऐकून घ्यायचं आणि सर्वांत शेवटी बोलायचं, एवढंच तर गाव सांभाळणाऱ्या खोसीचं काम. बाबांनी चाळीस वर्षं केलं. मी ऐकता ऐकता झोपलो. चुलतभाऊ तिरेलो उठला आणि त्याने मला तीनदा विचारलं की बोइपेलोच्या वाट्याचं, तिच्या आईचं नदीकाठचं शेत पडीक आहे, मी नांगरू का. तीनदा मी गप्प, आणि चावडीवर गप्प म्हणजे होकार. त्याची सून बासादी चावडीची कारकून. तिने वहीत लिहिलं, खोसींची हरकत नाही. मला जाग आली तेव्हा लोक आपापल्या खुर्च्या उचलून घरी निघाले होते.

आता तो चर्चमध्ये सांगत फिरतो की दमलेल्या माणसाला विश्रांती द्यावी, त्याच्या खुर्चीचं ओझं दुसऱ्याने घ्यावं.

तुझं शेत मला राखता आलं नाही. तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
ओलेबिले

फ्रान्सिसटाउन, १७ फेब्रुवारी

चि. ओलेबिले यास अ. आ.

यंत्र परत पाठवशील तर मी ते तुझ्या डोक्यात घालायला स्वतः येईन. तीस वर्षं नर्स होते. कुरकुरणारे पुरुष मला नवे नाहीत. दुपारी रेडिओ ऐकताना तासभर मुखवटा लावून बस, चेहऱ्याला सवय होऊ दे. टाकीत उकळून गार केलेलं पाणी घाल. आणि दाढी काढ.

तू म्हणशील, सुतकाशिवाय दाढी-डोकं कोण भादरतं, लोक विचारतील कोण गेलं. सांग, अजून जायचाय.

यंत्राच्या पोटात नखाएवढं कार्ड आहे. ते दर महिन्याला पाठव. किती तास लावलंस हे त्याच्यावर उमटतं, म्हणजे मला थाप मारता येणार नाही. त्या शेतात आईबरोबर मी कुदळ चालवली आहे, आणि मरताना तिने ते माझ्या नावे सांगितलं, तेव्हा तिरेलो उशाशी उभा होता. हे तू विसरलास तरी मी विसरणार नाही.

नीट झोप, म्हणजे नीट जागा राहशील.

तुझी,
ताई

लेत्लापेंग, २० एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र बसवाल्या मासिलोच्या हातून येतंय. टपालाची थैली आधी बासादीकडे जाते, आणि तुझ्या मागच्या पाकिटाला दोनदा डिंक लागलेला होता.

दाढी काढली. कोण गेलं ते विचारलंच लोकांनी. तू सांगितलेलं उत्तर गिळलं, कातडीला खाज आहे म्हणालो. यंत्राला सरावायला सहा आठवडे लागले. आता सकाळी ज्वारीची आंबील पिताना तिची चव कळते. इतकी वर्षं मी काय पीत होतो, देव जाणे.

पण खरी गोष्ट वेगळी. गेल्या महिन्यात चावडीवर उन्हामुळे डोळे मिटून बसलो होतो. झोपलो नव्हतो. तिरेलो शेजारच्या रामासूला हळूच म्हणाला की म्हातारा गेला पाताळात. सप्टेंबरात सगळ्या गावांचे मोठे खोसी येतील, त्यांच्यादेखत शेत मागितलं तशीच खुर्ची मागतो. तीनदा विचारलं की झालं. रामासू हसला. मीही हसणार होतो.

डोळे उघडले नाहीत. तेव्हापासून बैठकीत उघडत नाही. अडचण एकच, मला आता घोरता येत नाही. यंत्राने ती कला नेली. मा-निओ शिकवते, तिला मूळ चाल पाठ आहे. माझं सोंगातलं घोरणं बिघडलेल्या पंपासारखं येतं, असं तिचं मत. मधेच श्वास अडकवायचा, मग दचकून सोडायचा, तिथे मी चुकतो.

कोणाला सांगू नकोस. चर्चमध्येसुद्धा नाही.

तुझा जागा भाऊ,
ओलेबिले

फ्रान्सिसटाउन, ३ मे
(टपालाने)

चि. ओलेबिले यास अ. आ.

यंत्र पेटीत टाकून दिलंस हे ऐकून फार रडले. डॉक्टरांनीही हात टेकले. हा आजार आता तुझ्याबरोबरच जाणार. तिरेलोसारखा जागता भाऊ शेजारी आहे, ही केवढी कृपा. शेतही चांगल्या हाती पडलं. त्याला माझा नमस्कार सांग.

प्रकृतीला जप, जमेल तेवढी.

ताई

फ्रान्सिसटाउन, ३ मे
(मासिलोच्या हातून)

ओलेबिले,

थैलीतलं पत्र वाचशील तेव्हा बासादीसमोर तोंड पाडून वाच. ते लिहिताना मला इतकं बरं वाटलं की चहा गार झाला.

कार्ड दवाखान्यात दाखवलं. बावन्नाचे तीन झालेत. तिथली सिस्टर म्हणाली, शंभरात एखादा इतक्या नेमाने लावतो, तुमच्या भावाला जगायची फार ओढ दिसते. मी म्हटलं, ओढ आहे खरी.

घाई करू नकोस. कोण काय बोललं ते तारखेसह लक्षात ठेव. मा-निओला सांग, शिकवणी चालू ठेव.

ताई

लेत्लापेंग, २१ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

झालं.

मोठे खोसी आले. चावडी भरली होती. मी घोरलो, श्वास अडकवला, सोडला; बायकांच्या बाजूला मा-निओ रुमालात तोंड खुपसून बसली होती. तिरेलो उठला. माझ्या आजाराबद्दल फार गोड बोलला, तुझं टपालातलं पत्रसुद्धा आधाराला घेतलं. ते त्याला कसं कळलं हे कोणी विचारलं नाही. मग त्याने पहिल्यांदा विचारलं, खुर्ची सोडायला खोसींची हरकत आहे का. दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्याचा आवाज एखाद्या नवरदेवासारखा होता.

मी डोळे मिटूनच बोललो. मार्चपासून सुरुवात केली. तेरा बैठका, कोण कुठे बसलं होतं, कोणी काय कुजबुजलं, एकेक. रामासूचं नाव आलं तेव्हा तो आपली खुर्ची मागे सरकवू लागला. टपालाच्या पाकिटांवरचा डिंकही सांगितला. बासादीने वही मिटली. आईच्या उशाशी कोण उभं होतं ते शेवटी सांगितलं, आणि मग डोळे उघडले. ताई, सगळ्या चावडीवर तिरेलोकडे बघणारं एकही तोंड नव्हतं. ते बघायला तू हवी होतीस.

शेत तुझ्या नावे परत झालं. मोठ्या खोसींनी शिक्षा मला सांगायला लावली. लोकांना वाटलं बैल घेईन. मी म्हटलं, यापुढे प्रत्येक बैठकीत त्याने माझ्या पायाशी बसायचं, गप्प. शेवटी मी विचारलं की कोण काय बोललं ते सगळ्यांसमोर सांगायचं. चुकला तर लोकांनी हसायचं. असं एक वर्षभर.

तुझ्या आनंदात माझी आठवण असू दे.

ओलेबिले

लेत्लापेंग, १९ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू लिहिलंस की एका वर्षाची शिक्षा कमी पडली. वाचून मलाही तसंच वाटलं होतं.

गुरुवारी तिरेलो माझ्या पायाशी बसल्या बसल्या झोपला. लोक हसले. मीही हसलो. मग त्याचं घोरणं मधेच तुटलं. सोंग नव्हतं. मी मोजलं, वीसपर्यंत. तोंड उघडं, ओठ निळे, आणि मग बुडता माणूस वर यावा तसा श्वास. लोक आणखी हसले. बाबा आणि काका सख्खे भाऊ. गळा एकच असणार. मा-निओला ती चाल ओळखू आली.

त्याची बायको सांगते की तो दिवसा गाडी चालवतानाही डुलतो. त्याला अजून कोणी काही सांगितलेलं नाही. मी त्याच्यासाठी काही मागत नाही. तू नर्स आहेस, म्हणून कळवलं.

ओलेबिले

फ्रान्सिसटाउन, २७ ऑक्टोबर

चि. ओलेबिले यास अ. आ.

या वर्षी नांगरट करायची आहे, मजूर बघून ठेव.

तिरेलोचं नाव झोपेच्या तपासणीच्या यादीत घातलं. तारीख मार्चची मिळाली. तोवर गाडी चालवू नको म्हणावं, पाठीवर झोपू नको म्हणावं. तिथली सिस्टर माझ्या हाताखाली शिकलेली आहे. मी शब्द टाकला असता तर नोव्हेंबरची मिळाली असती.

टाकला नाही.

ताई